नागपुरात घरी जाऊन नर्सिंग: काम मिळवायचं कसं, ठरवायचं कसं

धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड इथल्या रुग्णालयांतून रोज असे पेशंट घरी सोडले जातात, ज्यांचं पुढचं करणं घरच्यांच्या आवाक्यातलं नसतं. पक्षाघात झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, गळ्यात नळी असलेले, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले. त्यांतले बरेच जण नागपूरचे नसतातही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले असतात आणि पुढच्या तपासण्या होईपर्यंत इथेच नातेवाइकांकडे नाहीतर भाड्याच्या खोलीत राहतात. दुसरीकडे प्रतापनगर, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगरातली घरं बघा: मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला, घरात म्हातारे आई-वडील दोघंच. घरी जाऊन काम करणाऱ्या नर्सची या शहराला गरज आहे, यात शंका नाही.

तरीही जीएनएम, बीएस्सी असं नर्सिंगचं शिक्षण झालेल्या कितीतरी मुली या कामातून लवकर बाहेर पडतात. पेशंटला कंटाळून कुणी सहसा सोडत नाही. आधी काही ठरलेलंच नसतं, त्याचा त्रास होतो: तास किती, पैसे किती, कोणती कामं आपली, सुट्टी कधी, अडचण आली तर कोणत्या डॉक्टरांना विचारायचं. रुग्णालयात हे बघायला मेट्रन असते, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर असते, ड्युटी लिस्ट लागलेली असते, रात्री दोनला उठवायला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर असतो. घरात तुम्ही एकट्या. चौथ्या दिवशी ‘सिस्टर, तेवढी भांडी पण घासून टाका ना’ सुरू झालं की नाही म्हणणं जड जातं. म्हणून काम शोधण्यापेक्षा काम ठरवण्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार आहे.

आपली पात्रता कागदावर

घरच्या रुग्णसेवेत दोन वेगळ्या कामांची सरमिसळ झाली आहे. एएनएम (२ वर्षं), जीएनएम (३ वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षं) पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं की तुम्ही नोंदणीकृत नर्स. हे कौन्सिल राज्याच्या १९६६ च्या कायद्याखाली चालतं आणि त्याचं कार्यालय मुंबईत आहे. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड हे काही महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेले मदतनीस. स्पंज, कपडे बदलणं, भरवणं, डायपर, कूस बदलणं, धरून चालवणं हे त्यांचं काम. ते अतिशय महत्त्वाचं काम आहे आणि नीट केलं तर पेशंटचं आयुष्य त्याने वाढतं. पण इंजेक्शन, सलाईन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), लघवीची नळी बदलणं हे त्यांच्याकडून करून घेणं चूक आहे.

प्रत्यक्षात काय होतं? घरोघरी नर्स पुरवणारे काही ब्युरो मदतनीस मुलीला ‘ट्रेंड सिस्टर’ म्हणून पाठवतात आणि घरचे तिच्या हातात इन्सुलिनचं पेन देतात. शुगर उतरून पेशंट बेशुद्ध झाला की जबाबदारी तिच्यावर येते. आणि खऱ्या नर्सला सांगितलं जातं, ‘तुमच्यापेक्षा कमी पैशांत दुसरी येते.’ यात दोघींचंही नुकसान आहे. तुम्ही मदतनीस असाल तर इंजेक्शनला स्वच्छ नाही म्हणा, आणि नर्स असाल तर नोंदणीचं प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत दाखवा. दर कशाचा आहे ते घरच्यांना तिथेच कळतं.

नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. लग्नानंतर, बाळंतपणानंतर काम सोडलेल्या अनेकींची नोंदणी अशीच संपून गेलेली असते. पुन्हा कामाला निघण्याआधी ते आधी तपासा. ज्यांचं शिक्षण मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमध्ये झालं आहे (आणि नागपुरात अशा सिस्टर खूप आहेत), त्यांनी तिकडच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र घेऊन इथे नोंदणी करून घ्यायची. महाराष्ट्रात काम करायचं तर नोंदणी महाराष्ट्राची हवी.

सोबत चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन करता येतो. अनोळखी घरात शिरणाऱ्या माणसाकडे हा कागद असला की पहिली पाच मिनिटं सोपी जातात. आणि हेपॅटायटिस बी ची लस: ३ डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. हा कोर्स राहून गेला असेल तर काम सुरू करण्याआधी निदान पहिला डोस घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. ब्युरो असो, कंपनी असो, घरमालक असो, झेरॉक्सवर ‘फक्त अमुक कामासाठी’ असं लिहून, सही आणि तारीख टाकून द्यायची. मूळ कागद अडकले की माणूस अडकतो, आणि पगार थकला तरी मुली त्या कागदांसाठी महिनोन्महिने गप्प बसतात.

काम येतं कुठून

सगळ्यांना आधी ब्युरो आठवतो. ब्युरो हा एक रस्ता आहेच, पण चांगल्या ड्युट्या बऱ्याचदा ब्युरोपर्यंत पोचायच्या आधीच ठरून जातात. पेशंटला उद्या घरी सोडणार हे सगळ्यांत आधी कळतं आयसीयूच्या आणि वॉर्डच्या सिस्टरना. नातेवाईक त्यांनाच विचारतात, ‘घरी यायला कुणी आहे का हो?’ त्यामुळे जिथे शिकलात, जिथे आधी नोकरी केलीत, तिथल्या वरिष्ठ सिस्टरशी संबंध राखा. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत ट्रेनिंग झालेल्या मुलींच्या बॅचमेट आज शहरभरच्या खासगी रुग्णालयांत आहेत, हा मोठा आधार आहे.

त्याखालोखाल उपयोगी माणसं म्हणजे घरी जाणारे फिजिओथेरपिस्ट, आणि पेशंटचा पलंग, एअरबेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने देणारे दुकानदार. कुणाच्या घरी आज फाउलर बेड (डोकं-पाय वर-खाली होणारा रुग्णालयी पलंग) पोचला हे त्या दुकानदाराला माहीत असतं, आणि बेड लावून देतानाच घरचे त्याला नर्सबद्दल विचारतात. तुमचं नाव, पात्रता, कोणत्या भागात येऊ शकता आणि कोणती कामं येतात, एवढं एका कार्डावर छापून त्याच्याकडे ठेवा. जाम्ठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान किंवा तुकडोजी चौकाजवळचं कर्करोग रुग्णालय इथले पेशंट घरी जातात तेव्हा त्यांना वेदनाशमन, ड्रेसिंग, कोलोस्टोमीची (पोटावरच्या छिद्रातून शौच जमा होणारी) पिशवी सांभाळणारी नर्स लागते. ते काम येत असेल तर कार्डावर तसं स्पष्ट लिहा. बागेत भरणारी ज्येष्ठ नागरिक मंडळं हाही चांगला स्रोत आहे, मात्र तिथून काम हळूहळू येतं, एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे.

ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, हे काम फक्त बायकांचं समजू नये. जड अंगाचा पुरुष पेशंट, लघवीची नळी, रात्रीची ड्युटी अशा ठिकाणी घरचे मुद्दाम ब्रदर मागतात.

व्हॉट्सॲपवर ‘होम नर्स पाहिजे, राहणं-खाणं मोफत, पगार घसघशीत’ असे मेसेज फिरतात. आधी रजिस्ट्रेशन फी, मग युनिफॉर्मचे पैसे, मग ‘फाइल चार्ज’ मागितला की थांबा. काम देणाऱ्याने तुमच्याकडून पैसे घ्यायचं कारण नाही. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पैशांचं गणित

ब्युरो दोन पद्धतींनी पैसे कापतात. समजा, घरचे ब्युरोला १२ तासांचे रोज १,२०० रुपये देतात आणि तुमच्या हातात ९०० येतात. म्हणजे रोजचे ३०० ब्युरोचे. दुसरा ब्युरो एकदाच कमिशन घेतो, समजा अर्ध्या महिन्याचं (महिना २६ दिवसांचा धरून १३ दिवसांचं), आणि नंतर घरचे थेट तुम्हाला १,१०० देतात. कोणतं बरं? ड्युटी किती दिवस चालणार यावर ते अवलंबून आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची १३ दिवसांची ड्युटी असेल तर पहिल्या पद्धतीत ३,९०० जातात आणि दुसरीत १३ दिवसांचे १४,३००, म्हणजे सगळेच. पण पक्षाघाताचा पेशंट ६ महिने असेल, महिन्याला २६ दिवस धरले, तर पहिल्या पद्धतीत ४६,८०० रुपये जातात आणि दुसरीत तेच १४,३००. म्हणून ‘कमिशन किती’ एवढंच विचारून चालत नाही. आजार काय आहे, ड्युटी किती दिवसांची, कमिशन घरचे देणार की तुम्ही, आणि ड्युटी मधेच संपली तर एकदाच घेतलेल्या कमिशनचं काय, हे सगळं विचारा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

दुसरा सापळा २४ तासांच्या ड्युटीचा. १२ तासांचे ९०० आणि २४ तासांचे १,४०० असं कुणी सांगितलं तर ऐकायला बरं वाटतं. तासाने भागून बघा: पहिल्यात तासाला ७५ रुपये, दुसऱ्यात ५८. वाढीव १२ तासांचे तर जेमतेम ४२ रुपयेच तासाला पडतात, आणि ते रात्रीचे तास असतात. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असेल तर त्या रात्री झोप नावाची गोष्ट नसते. सलग झोपेचे सहा तास, ते कोणते, त्या वेळी पेशंटजवळ कोण बसणार, हे ठरलं नसेल तर २४ तासांची ड्युटी घेऊच नका. थकलेल्या हातून औषधाची चूक होते, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

कंपनीमार्फत काम करत असाल तर तिच्याकडे नियुक्तिपत्र मागा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना साधारणपणे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं (महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी), आणि वीस किंवा जास्त असतील तर भविष्य निर्वाह निधी. अनेक ठिकाणी यातून सुटण्यासाठी नर्सना ‘फ्रीलान्सर’ दाखवतात. सही करण्याआधी तो शब्द करारात आहे का बघा. पूर्ण स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावं. ते मोफत आहे.

दर सांगताना एक संदर्भ हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही महिना २०,००० पेक्षा कमी नको, असं त्यात म्हटलं होतं. ती शिफारस रुग्णालयांसाठी आहे, घरच्या ड्युटीला ती लागू होत नाही. तरी इतक्या वर्षांपूर्वीचा तो आकडा आहे हे लक्षात ठेवून आज नोंदणीकृत नर्सने त्याच्या खाली उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्युटी सुरू होण्याच्या आधीचा दिवस

जमलं तर पेशंटला सुट्टी मिळण्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयात जाऊन बघून या. डिस्चार्ज कार्ड वाचा. वॉर्डच्या सिस्टरकडून समजून घ्या: राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) कधी घातली, किती नंबरच्या खुणेवर आहे, कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलायचं, सक्शन किती वेळा लागतं, ऑक्सिजन किती लिटर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. घरी भाड्याने येणारा कॉन्सन्ट्रेटर बहुतेकदा ५ लिटरचा असतो. डॉक्टरांनी ८ लिटर लिहिलं असेल तर ते मशीन पुरणार नाही, आणि हे घरी पोचल्यावर रात्री कळण्यात अर्थ नाही. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज जाते तेव्हा कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो. भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी घरात हवीच.

मग पेशंटचं अंग बघा. कंबरेखाली, टाचांवर, खांद्याच्या हाडावर बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) आधीच आहे का? असेल तर घरच्यांना तिथेच दाखवा, त्यांच्या परवानगीने फोटो घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. तीन आठवड्यांनी दूरचे नातेवाईक येतात आणि ‘सिस्टरने लक्ष दिलं नाही’ म्हणतात, तेव्हा हीच नोंद उपयोगी पडते. एअरबेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, हा समज घरोघरी आहे. तो पहिल्याच दिवशी दूर करा.

वही तर ठेवाच. एका बाजूला तापमान, नाडी, बीपी, शुगर, ऑक्सिजन, किती पाजलं, किती लघवी झाली. दुसऱ्या बाजूला औषधं, वेळ आणि सही. डॉक्टरांनी फोनवर औषध बदललं तर घरच्यांना ‘सहीचं प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲप करायला सांगा’ म्हणा. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो असा पाठवू शकतात. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही, मग मागणारा घरचा माणूस कितीही मोठा असो. अँटिबायोटिकचा शिरेतून द्यायचा पहिला डोस तर घरी नकोच. रिॲक्शन आली तर तिथे तुमच्या मदतीला कुणी नसतं.

आणि मग घरच्यांशी बोलणं. बहुधा सून किंवा मुलगी सगळं बघत असते. तिच्याशी बसून एका कागदावर लिहा: ड्युटी ८ ते ८, आठवड्यात एक सुट्टी, पैसे कोणत्या तारखेला, पेशंटचं जेवण गरम करून भरवणं माझं, घरचा स्वयंपाक, भांडी, झाडू-पोछा माझा नाही. पेशंट अचानक पुन्हा भरती झाला किंवा दगावला तर किती दिवसांचे पैसे मिळतील, हेही लिहा. ते बोलायला संकोच वाटतो. ‘ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे आधीच बोललेलं बरं,’ असं म्हणून बोलाच, कारण ही ड्युटी एका फोनवर संपते आणि त्या महिन्याचं तुमचं घरभाडं त्यावरच असतं. घर कुठे आहे हेही बघा. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, ॲक्वा लाइन लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. या रेषांच्या जवळची ड्युटी परवडते. बेसा किंवा हुडकेश्वरच्या आतल्या लेआउटमधून रात्री साडेआठला एकटीने निघायचं असेल तर सोडण्याची व्यवस्था घरच्यांची, असं ठरवून घ्या. आणि मे महिन्यात दुपारी बाराला ड्युटी बदलायची वेळ मुळीच मान्य करू नका.

घरातले धोके

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि लगेच मेडिकल किंवा मेयो गाठा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नका. जाड प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यात टाका, कचऱ्याच्या पिशवीत नको. कचरा उचलणाऱ्याचे हातही आपल्यासारखेच आहेत.

चोरीचा आळ हा या कामातला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग. पेशंटच्या अंगावरचे दागिने पहिल्या दिवशी घरच्यांना काढून ठेवायला सांगा, कपाट कुलपात ठेवायला सांगा. आजोबांनी प्रेमाने एटीएम कार्ड आणि पिन दिला तरी घेऊ नका. औषधं आणली तर बिल वहीत चिकटवा. कॅमेरा पेशंटच्या खोलीत असेल तर हरकत नाही, उलट तो तुमच्याही बाजूचा साक्षीदार आहे. पण तुम्ही कपडे बदलता त्या जागी कॅमेरा असणं हा गुन्हा आहे, आणि स्पंजच्या वेळी पेशंटची लाज राखणं हे आपलं काम आहे.

त्रास देणारा माणूस घरातला असेल तर ‘हे तर घर आहे, ऑफिस नाही’ असं समजून गप्प बसू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाचं ठिकाण मानलं आहे. जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची. तातडीच्या वेळी ११२, महिला हेल्पलाइन १८१.

आणखी एक, जे सहसा कुणी लिहीत नाही. आडनाव विचारून कप वेगळा ठेवणारी घरं आजही आहेत. ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी हा अपमान झुगारून दिला, त्याच शहरात आपल्या मुलींना हे सोसावं लागतं, याचा मला संताप येतो. तुमच्या हातचं औषध चालतं, तुमच्या हाताने भरवलेलं चालतं, आणि तुमचा कप मात्र खिडकीत. अस्पृश्यता पाळणं हा १९५५ पासून कायद्याने शिक्षेचा गुन्हा आहे. ब्युरोला स्पष्ट कळवा, पैसे घ्या आणि ते घर सोडा. शहरात घरं पुष्कळ आहेत.

ड्युटी संपताना

पेशंट घरीच दगावला तर मृत्यू जाहीर करणं हे तुमचं काम नाही. डॉक्टरांना बोलवा, नळ्या स्वतःहून काढू नका, वही बंद करण्याआधी शेवटची नोंद वेळेसह लिहा. घरचे रडत असतात, हिशेबाचं कुणाच्या मनात नसतं. त्या दिवशी मागू नका, पण तेराव्याची वाटही पाहू नका. तीन-चार दिवसांनी ठरलेल्या कागदाचा फोटो पाठवून नम्रपणे रक्कम सांगा. ती आधी लिहिलेली असली की कुणाला अवघड वाटत नाही.

पेशंट बरा होऊन ड्युटी संपली असेल तर दोन ओळींचं पत्र लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या प्रकारच्या पेशंटसाठी, काय काय केलं. पेशंटचं नाव त्यात नसलं तरी चालतं, सही आणि तारीख हवी. ट्रॅकिओस्टोमी (गळ्यातली श्वासाची नळी) सांभाळल्याचं, बायपॅप या मास्कच्या श्वसनयंत्रावरच्या पेशंटला सांभाळल्याचं असं पत्र असलं की पुढच्या ड्युटीचा दर तुम्ही सांगू शकता. ज्यांना सक्शन येत नाही त्यांनी दोन ड्युट्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत एखाद्या आयसीयूतल्या मैत्रिणीच्या इन्चार्जची परवानगी काढून ते शिकून घ्यावं. ते येणाऱ्या सिस्टर नागपुरात कमी आहेत आणि असे पेशंट वाढत आहेत.